लाईट गेल्यावर लॉग येणं बंद, रेस्टार्ट केलं की चालू: नेमकं तुटतंय कुठं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय का ते तुम्हालाही कळेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, त्यात सहा उबुंटू २२.०४ ची (लिनक्सची) मशीनं, एक फायरवॉल आणि तीन स्विच. सगळ्यांचे लॉग, म्हणजे मशीनमधे काय काय घडतंय त्याच्या नोंदी, एका जागी यावेत म्हणून एका जुन्या डेस्कटॉपवर तुम्ही व्हिडिओ बघून आरसिसलॉग (लॉग घेऊन पुढं पाठवणारा किंवा फाइलमधे लिहिणारा प्रोग्राम) बसवलं आणि आठवडाभर ते छान चाललं. मग एका रात्री लाईट गेली, सकाळी बघता तर काही मशीनचे लॉग येतायत, काहींचे नाहीत, आरसिसलॉग रेस्टार्ट केलं की सगळे परत सुरू. असं आत्तापर्यंत चार वेळा झालं. म्हणून विचारताय की रोज पहाटे क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीने, रेस्टार्ट लावून टाकू का, नाहीतर आरसिसलॉग काढून दुसरं काही घालू का.

दोन्ही नको. का नको ते सांगतो, आणि त्याऐवजी काय करायचं तेही सांगतो, जरा लांब होईल पण वाचा. एक गोष्ट आधीच, खाली कमांड मी फोनवर सांगतो तशा बोलीत लिहिल्यात, टर्मिनलवर त्या नेहमीच्या स्पेलिंगनेच टाकायच्या.

रेस्टार्टचं आधी बोलू कारण त्यात माझे हात पोळलेत. सोलापुरातच एका दवाखान्यात मला बोलावलं होतं, बिलिंगचा सर्व्हर महिन्यातून दोनदा रात्री हँग व्हायचा. तिथं सेंट्रल लॉग सर्व्हर होता, मला बरं वाटलं, म्हटलं आता अर्ध्या तासात कारण सापडतंय. बघतो तर ज्या ज्या रात्री हँग झालं त्या रात्रीचे बारा ते पाचचे लॉगच नाहीत. त्याच रात्रीचे नाही, रोजच्याच रात्रीचे नाहीत, आठ महिन्यांचे. झालं असं होतं की रात्री बाराला लॉगरोटेट (जुनी लॉग फाइल बाजूला करून नवी सुरू करणारा प्रोग्राम) फाइल फिरवायचं आणि आरसिसलॉगला ते कळायचंच नाही, त्यामुळे लॉग बंद पडल्यासारखे दिसायचे, कुणीतरी त्यावर उपाय म्हणून पहाटे पाचचा रेस्टार्ट क्रॉनमधे टाकलेला. सकाळी नऊला माणूस येऊन बघायचा तेव्हा फाइलमधे भरपूर ओळी असायच्या, सगळं ठीक वाटायचं. बिलिंग सर्व्हरच्या डिस्कचे एरर नेमके रात्री बॅकअप चालताना यायचे, आणि डिस्कच आजारी म्हटल्यावर त्याच्या स्वतःच्या फाइलमधे ते लिहिले जात नव्हते, ते वायरवरून लॉग सर्व्हरकडे यायचे आणि तिथं रोज पहाटे पाचला रेस्टार्टमधे जायचे. मी क्रॉन काढला, लॉगरोटेट नीट केलं, पण तिसऱ्या दिवशी डिस्क गेली. एका अख्ख्या दिवसाची बिलं काउंटरवरच्या मुलींना कागदावरून परत भरावी लागली. तेव्हापासून कुठलीही सर्व्हिस रेस्टार्ट करायच्या आधी दोन मिनिटं थांबून पुरावा गोळा करायचा हा नियम मी स्वतःला घातलाय. रेस्टार्टने बिघाड तर झाकला जातोच, आणि बिघाड कुठं होता हे सांगणारी अवस्थासुद्धा पुसली जाते.

आता तुमच्या प्रश्नात एक महत्त्वाची गोष्ट राहिलीय. रेस्टार्ट तुम्ही कुठं करता? लॉग सर्व्हरवर, की ज्या मशीनचे लॉग येत नाहीत त्या मशीनवर? माझं सगळं उत्तर यावर अवलंबून आहे. सर्व्हरवर रेस्टार्ट करून सुटत असेल तर आजार एक, मशीनवर करून सुटत असेल तर आजार वेगळा. मी दोन्ही धरून लिहितो.

लॉगची एक ओळ किती हातांतून जाते ते डोळ्यासमोर आणा. प्रोग्राम ओळ टाकतो, ती त्याच मशीनवरच्या जर्नलडीकडे (नोंदी आधी गोळा करणारी सर्व्हिस) जाते, जर्नलडी ती आरसिसलॉगला देतं, आरसिसलॉग ती नेटवर्कवर टाकतं, मधे स्विच, मग लॉग सर्व्हरच्या ५१४ पोर्टवर ती येते, तिथलं आरसिसलॉग नियम बघून ठरवतं कुठल्या फाइलमधे लिहायची, आणि शेवटी ती फाइल लॉगरोटेट फिरवतं. या सात-आठ टप्प्यांपैकी कुठंही तुटलं तरी तुम्हाला दिसतं एकच, "लॉग येत नाही". तुमच्या युनिटमधे लूम थांबला तर विणकर काय करतो, नुसतं परत बटण दाबत नाही, आधी वाकून तुटलेला धागा शोधतो, गाठ मारतो, मग लूम चालू करतो. इथंही तेच करायचं, एक धागा धरायचा आणि तो कुठपर्यंत जातो ते बघायचं.

धागा धरायला लॉगर नावाची कमांड आहे. ज्या मशीनचे लॉग येत नाहीत तिथं लॉगर मायनस टी धागा आणि पुढं काहीतरी ओळख पटेल असा मजकूर, समजा "धागा १०१ सकाळी ९.४०" असं इंग्रजी अक्षरांत टाका. मग त्याच मशीनवर जर्नलसीटीएल मायनस टी धागा करून बघा, ओळ दिसली म्हणजे पहिला टप्पा पार. त्याच मशीनच्या /व्हार/लॉग/सिसलॉग मधे दिसली म्हणजे तिथल्या आरसिसलॉगलाही मिळाली. आता लॉग सर्व्हरवर टीसीपीडम्प (वायरवरून येणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, इंटरफेस एनी, पोर्ट ५१४, मायनस ए लावलं की मजकूर वाचता येतो, आणि मशीनवरून धागा १०२ पाठवा. टीसीपीडम्पमधे दिसला म्हणजे वायरवरून आला. पण इथं बरेच जण फसतात, टीसीपीडम्पला पॅकेट दिसलं म्हणजे आरसिसलॉगला मिळालं असं नाही, कारण येणारं पॅकेट टीसीपीडम्प हे यूएफडब्ल्यूने (उबुंटूच्या स्वतःच्या फायरवॉलने) अडवायच्या आधीच बघतं. शेवटी सर्व्हरवर त्या मशीनच्या फाइलमधे धागा आहे का ते ग्रेप करा, म्हणजे मजकूर शोधा. आणि फक्त त्या फाइलमधे शोधू नका, ग्रेप मायनस आर लावून सगळ्या /व्हार/लॉग मधे शोधा. याचं कारण पुढं येतंय.

तुमच्या वर्णनावरून काही संशयित मी आत्ताच बाद करतो. यूएफडब्ल्यूचा नियम चुकला असता तर आरसिसलॉग रेस्टार्ट करून काही फरक पडला नसता. फोल्डरच्या परवानगीचा प्रश्न असता तर पहिल्या दिवसापासूनच काही लिहिलं गेलं नसतं (उबुंटूवर आरसिसलॉग सिसलॉग नावाच्या युजरखाली चालतं, त्यामुळे फक्त रूटलाच लिहायची परवानगी असलेल्या फोल्डरमधे ते लिहू शकत नाही, हे नवीन सेटअप करणाऱ्यांनी लक्षात ठेवा). सर्व्हरची डिस्क भरली असती तर काही मशीनचे येतायत आणि काहींचे नाहीत असं झालं नसतं, सगळ्यांचेच बंद पडले असते. म्हणजे आपल्याला असा बिघाड शोधायचाय जो रेस्टार्टने सुटतो, आठवडाभर दिसत नाही, आणि काहींनाच पकडतो.

समजा रेस्टार्ट तुम्ही सर्व्हरवर करताय. मग माझा पहिला संशय लॉगरोटेटवर आहे, दवाखान्यातलाच आजार. लिनक्समधे प्रोग्रामने फाइल एकदा उघडली की तो तिच्या नावाला धरून नसतो, आतल्या आयनोडला, म्हणजे डिस्कवरच्या त्या फाइलच्या खऱ्या नोंदीला, धरून असतो. लॉगरोटेट फाइलचं नाव बदलून शेवटी डॉट १ लावतं आणि जुन्या नावाची नवी कोरी फाइल करतं. आरसिसलॉगला कुणी सांगितलं नाही तर ते बिचारं जुन्याच फाइलमधे लिहीत बसतं, आता जिचं नाव डॉट १ झालंय तिच्यात. तुम्ही मूळ नावाची फाइल उघडता, ती शून्य बाइट, तुम्ही म्हणता लॉग बंद. उबुंटूच्या स्वतःच्या लॉगसाठी हे नीट केलेलं असतं, /ईटीसी/लॉगरोटेट.डी मधल्या आरसिसलॉग फाइलमधे शेवटी पोस्टरोटेट (फाइल फिरवल्यावर काय करायचं तो भाग) आहे, त्यात आरसिसलॉग-रोटेट नावाची छोटी स्क्रिप्ट चालते, ती आरसिसलॉगला हप सिग्नल देते आणि ते सगळ्या फाइल बंद करून नव्याने उघडतं. पण तुम्ही रिमोट मशीनसाठी वेगळं फोल्डर केलंय आणि त्यासाठी लॉगरोटेटची फाइल स्वतः लिहिलीय, आणि माझा अंदाज आहे की त्यात पोस्टरोटेट नाही. व्हिडिओंमधे हा भाग बहुतेक वेळा नसतोच, कारण व्हिडिओ दहा मिनिटांचा आणि हा बिघाड आठ दिवसांनी दिसणारा.

यात वाईट भाग कॉम्प्रेसचा. डिले-कॉम्प्रेस, म्हणजे फाइल दाबून लहान करणं पुढच्या पाळीवर ढकलणारी ओळ, नसेल तर लॉगरोटेट लगेच डॉट १ ची जीझिप करून मूळ फाइल पुसतं. आता आरसिसलॉग अशा फाइलमधे लिहितंय जिला नावच नाही. ती डिस्कवर जागा खाते, डीएफ आणि डीयू (डिस्कची वापरलेली जागा दाखवणाऱ्या कमांड) चे आकडे जुळत नाहीत, आणि तुम्ही रेस्टार्ट केलं की ती कायमची जाते. म्हणून रेस्टार्टच्या आधी सर्व्हरवर एलएसओएफ प्लस एल १ करून बघा, पुसलेल्या पण उघड्या फाइल ते दाखवतं. तिथं आरसिसलॉगच्या नावापुढं तुमच्या रिमोट फोल्डरमधल्या फाइल दिसल्या तर चोर सापडला. आणि त्याच क्षणी त्या फाइल वाचवताही येतात, /प्रोक मधे आरसिसलॉगच्या पीआयडीखाली (चालू प्रोग्रामच्या नंबराखाली) एफडी फोल्डर असतं, तिथून त्या नंबरची फाइल सीपी करून घ्यायची. मी असे लॉग एकदा नाही अनेकदा वाचवलेत, फक्त अट एकच, तोपर्यंत रेस्टार्ट केलेलं नसावं.

मग काहीच मशीनचे का बंद पडतात? तुम्ही बहुतेक टेम्प्लेट (फाइलचं नाव कसं बनवायचं तो साचा) वापरून मशीनच्या नावाने आणि प्रोग्रामच्या नावाने वेगवेगळ्या फाइल केल्यात, त्याला डायनाफाइल म्हणतात. आरसिसलॉग अशा फाइल एका वेळी ठरावीकच उघड्या ठेवतं, डीफॉल्ट १०. अकरावी लागली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली बंद करतं आणि परत लागेल तेव्हा नव्याने उघडतं. नव्याने उघडलेली फाइल अर्थातच बरोबर नावाने उघडते. म्हणजे ज्या फाइलमधे सतत लिखाण चालतं ती उघडीच राहते आणि जुन्या आयनोडला चिकटून बसते, आणि ज्या फाइलमधे क्वचित ओळ येते ती आपोआप दुरुस्त होते. तुम्ही बघा, जे लॉग बंद पडल्यासारखे वाटतात ते तुमच्या सगळ्यात बडबड्या मशीनचे किंवा फायरवॉलचे आहेत का. असतील तर माझा अंदाज नव्वद टक्के बरोबर समजा.

आणि लाईटचं काय? लाईटचा संबंध इथं कदाचित निम्माच आहे. लॉगरोटेट रात्री बाराच्या पुढं तासाभरात केव्हातरी चालतं, पण त्याच्या टायमरमधे पर्सिस्टंट ट्रू असतं, म्हणजे त्या वेळी मशीन बंद असेल तर चालू झाल्यावर ते राहिलेली पाळी भरून काढतं. म्हणजे लाईट आली, मशीन उठलं, आरसिसलॉगने फाइल उघडल्या, आणि मागून लॉगरोटेटने येऊन त्या पायाखालून काढल्या. पण लाईट न जाताही दर आठवड्याला हे होतच असणार, फक्त तुम्ही लाईट गेल्यावरच उघडून बघता म्हणून तेव्हाच दिसतं. तुमच्या चार तारखा लिहून काढा आणि /व्हार/लिब/लॉगरोटेट मधली स्टेटस फाइल उघडा, प्रत्येक फाइल शेवटची कधी फिरली ते तिथं लिहिलेलं असतं. तारखा सात-सात दिवसांच्या अंतरात बसल्या तर महावितरण यातून सुटलं.

दुरुस्ती सोपी आहे. तुमच्या लॉगरोटेट फाइलमधे शेअर्ड-स्क्रिप्ट्स (म्हणजे सगळ्या फाइलींसाठी स्क्रिप्ट एकदाच चालेल), डिले-कॉम्प्रेस आणि पोस्टरोटेटमधे तीच आरसिसलॉग-रोटेट स्क्रिप्ट, बास. फक्त पॅटर्न लिहिताना शेवटी डॉट लॉग द्या, नुसता स्टार देऊ नका, नाहीतर ते डॉट १ वाल्या फाइलही परत फिरवत बसतं आणि डॉट १ डॉट १ डॉट १ अशा फाइलींचं जंगल होतं. मग लॉगरोटेट मायनस डी करून कोरडी चाचणी आणि नंतर मायनस एफ ने जबरदस्तीने एकदा फिरवून लगेच धागा १०३ पाठवून बघा, आठवडाभर वाट बघायची गरज नाही.

आता दुसरी बाजू, रेस्टार्ट तुम्ही मशीनवर करत असाल तर. मग मला विचारायचंय की मशीनवरच्या आरसिसलॉग कॉन्फिगमधे लॉग सर्व्हरचा पत्ता असलेल्या ओळीत ॲट (@) एक आहे की दोन. एक ॲट म्हणजे यूडीपी (नुसतं पाठवून मोकळं होणारी पद्धत), दोन म्हणजे टीसीपी (आधी जोडणी करून पाठवणारी). यूडीपी असेल आणि पत्त्याऐवजी नाव लिहिलं असेल, तर आरसिसलॉग सुरू होताना त्या नावाचा आयपी विचारून घेतं आणि मग तोच धरून बसतं. लाईट गेली, राउटर उठला, डीएचसीपीने (आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीने) तुमच्या डेस्कटॉपला नवा आयपी दिला, मशीनं जुन्याच आयपीवर ओळी फेकत राहिली, यूडीपी असल्यामुळे कुणी तक्रारही करत नाही. जी मशीनं यूपीएसवर होती ती बंदच झाली नाहीत म्हणून ती जुन्याला धरून, आणि जी बंद पडून उठली त्यांना नवा पत्ता मिळाला, म्हणून काहींचे येतात काहींचे नाहीत. हेही तुमच्या वर्णनाशी जुळतं. लॉग सर्व्हरला पक्का आयपी द्या, आजच द्या, बाकी काही करा न करा.

टीसीपी असेल तर वेगळी गंमत नाही, वेगळा त्रास आहे. टीसीपी म्हणजे ओळ हरवणार नाही असं आपण धरून चालतो पण साध्या टीसीपी सिसलॉगमधे पलीकडच्या आरसिसलॉगने "मिळालं" अशी पोच द्यायची सोय नाही. सर्व्हरची लाईट अचानक गेली की मशीनच्या कर्नलला वाटतं जोडणी अजून जिवंत आहे, ते ओळी बफरमधे घेत राहतं, आणि जोडणी मेलीय हे कळेपर्यंत घेतलेल्या ओळी गेल्या. पोच असलेली रेल्प नावाची पद्धत आरसिसलॉगमधे आहे, पैशाच्या व्यवहाराचे लॉग असतील तर मी तीच लावतो. तुमच्या युनिटला साधं टीसीपी आणि चांगली रांग पुरेल.

रांग म्हणजे क्यू, आणि इथं एक चूक मी वारंवार बघतो. लोक कुठूनतरी रिझ्युम-रिट्राय-काउंट मायनस १ एवढंच उचलतात, म्हणजे सर्व्हर मिळेपर्यंत प्रयत्न करत राहा, पण त्या ॲक्शनला, म्हणजे सर्व्हरकडे पाठवायच्या त्या नियमाला, स्वतःची क्यू देत नाहीत. मग काय होतं, सर्व्हर बंद असला की ती एक ॲक्शन अडून बसते आणि तिच्यामागं मुख्य रांग अडते, आणि त्या मशीनच्या स्वतःच्या सिसलॉग फाइलमधेसुद्धा काही लिहिलं जात नाही. म्हणजे दूरचा सर्व्हर बंद पडला म्हणून घरातलाही लॉग बंद. म्हणून मायनस १ लावायचं तर सोबत क्यू टाइप लिंक्डलिस्ट, क्यू फाइलनेम काहीतरी वेगळं नाव, क्यू मॅक्स डिस्कस्पेस १जी आणि सेव्ह-ऑन-शटडाउन ऑन, हे चारही पाहिजेत. फाइलनेम दिलं की मेमरीतली रांग भरत आल्यावर ती डिस्कवर उतरायला लागते, आणि सर्व्हर परत आला की साठलेलं सगळं पाठवलं जातं. मशीनचीच लाईट अचानक गेली तर मेमरीत असलेला भाग मात्र जातो, तेवढं मान्य करून चालायचं. बदल केल्यावर आरसिसलॉगडी मायनस एन १ ने कॉन्फिग तपासा, मगच सुरू करा, एका कंसामुळे सगळं लॉगिंग बंद पडलेलं मी पाहिलंय.

इथपर्यंतचं थोडक्यात: सर्व्हरवर रेस्टार्टने सुटत असेल तर लॉगरोटेट आणि एलएसओएफ, मशीनवर रेस्टार्टने सुटत असेल तर आयपी, ॲट आणि क्यू.

तिसरा एक संशय आहे, लहान वाटेल पण जुन्या डेस्कटॉपवर मी तो नेहमी बघतो. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल. तो मेला असेल तर लाईट गेल्यावर घड्याळ मागं जातं. उबुंटूची टाइमसिंक सर्व्हिस शेवटची आठवणीतली वेळ लावते त्यामुळे एकदम दहा वर्षं मागं जात नाही, पण लाईट जितका वेळ नव्हती तितकं मागं राहतं, इंटरनेट येऊन वेळ जुळेपर्यंत. तुमच्या टेम्प्लेटमधे तारखेचं फोल्डर असेल तर सकाळचे लॉग कालच्या तारखेच्या फोल्डरमधे जाऊन बसतात आणि तुम्ही आजच्या फोल्डरमधे शोधत असता. म्हणून वर म्हटलं की ग्रेप सगळीकडं करा. फायरवॉल आणि स्विचची वेळ पण बघा, ते यूटीसीवर असले तर प्रत्येक ओळ साडेपाच तास मागची दिसते, आणि जुन्या पद्धतीच्या सिसलॉग ओळीत वर्ष आणि टाइमझोन दोन्ही नसतात त्यामुळे सर्व्हरला ते ओळखायला मार्ग नाही. या उपकरणांच्या फोल्डरला होस्टनेमऐवजी (ओळीत लिहिलेलं नाव) फ्रॉमहोस्ट-आयपी (पॅकेट ज्या पत्त्यावरून आलं तो) वापरा, काही उपकरणं ओळीचं डोकंच वेडंवाकडं पाठवतात आणि मग तारखेच्या तुकड्याच्या नावाने फोल्डर तयार होतात. आणि हे बाहेरून येणारं सगळं वेगळ्या रूलसेटमधे (नियमांच्या गटात) बांधा, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या सिसलॉगमधे ते मिसळणार नाही.

लाईट आल्यावर अजून एक होतं, सगळी मशीनं एकदम उठतात आणि प्रत्येक जण बूटच्या हजारभर ओळी एकाच मिनिटात फेकतो. यूडीपी असेल तर सर्व्हरच्या कर्नलचा बफर भरून पॅकेट पडतात, नेटस्टॅट मायनस एसयू मधे रिसीव्ह बफर एरर वाढलेले दिसले तर तेच. आणि स्विच यूपीएसवर आहे का ते आधी बघा. सर्व्हरला यूपीएस आणि त्याच्या शेजारचा स्विच थेट भिंतीतल्या सॉकेटवर, असं मी होटगी रोडपासून चिंचोळीपर्यंत इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आत गेलो की आधी वायर बघतो. लॉगची खरी गरज लाईट जाताना आणि येतानाच्या पाच मिनिटांत असते. जर्नलडी साध्या ओळी डिस्कवर पक्क्या करायला डीफॉल्ट पाच मिनिटं घेतं, फक्त क्रिटिकल आणि त्यावरच्या लगेच करतं, म्हणजे अचानक लाईट गेली तर मशीनवरच्या शेवटच्या ओळी जाऊ शकतात, त्या वाचतात फक्त वायरवरून आधीच पुढं गेल्या तर. स्विचच बंद असेल तर त्या कुठं जाणार.

आता तुमचा क्रॉन. क्रॉन लावायचाच आहे ना, तर रेस्टार्टचा लावू नका, धाग्याचा लावा. प्रत्येक मशीनवर दर दहा मिनिटांनी लॉगरने एक ओळ पाठवायची, नाव काहीही, मी नाडी ठेवतो. आणि सर्व्हरवर दर अर्ध्या तासाने एक छोटी स्क्रिप्ट, प्रत्येक मशीनच्या फाइलमधे गेल्या अर्ध्या तासातली नाडी आहे का बघायची, नसेल तर मेल किंवा टेलिग्रामवर मेसेज. ही स्क्रिप्ट पंधरा ओळींची होते. तुम्हाला आत्ता सकाळी कुणी फाइल उघडली तरच कळतं, याने रात्री तीनला कळेल आणि कुठल्या मशीनचं हेही कळेल. ग्राहकाकडे आरसिसलॉग बसवताना मी नाडी लावल्याशिवाय काम झालं असं म्हणत नाही.

दुसरं काही बसवू का, याचं उत्तर राहिलं. सिसलॉग-एनजी चांगलं आहे, ग्रेलॉग आणि लोकी शोधायला सोयीचे आहेत, पण ज्या बिघाडांबद्दल आपण बोललो, म्हणजे पक्का आयपी नाही, स्विचला यूपीएस नाही, घड्याळ मागं, ते सगळे तिथंही तसेच येतील आणि वर जावा किंवा डेटाबेस सांभाळायचं काम वाढेल. दहा उपकरणांसाठी आरसिसलॉग पुष्कळ आहे. पन्नासच्या पुढं गेलात किंवा रोज लॉगमधे शोधायची वेळ आली तर बोलू. फक्त पुढं मशीनं डेबियन १२ वर नेलीत तर लक्षात ठेवा, तिथं आरसिसलॉग आधीपासून बसवलेलं नसतं आणि /व्हार/लॉग/सिसलॉग फाइलच दिसत नाही, ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं.

किती दिवस ठेवायचे हे तुम्ही विचारलं नाही पण निर्यात करणारं युनिट आहे म्हणून सांगतो. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी आपल्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस, आणि भारतातच, ठेवायला सांगितलंय, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायला सांगितलीत. लॉगरोटेटमधे वीकली आणि रोटेट २६ केलं की १८२ दिवस होतात. उबुंटूचं डीफॉल्ट रोटेट ४ आहे, म्हणजे महिनाभरच, ते तुमच्या फाइलमधेही तसंच उतरलं असेल तर बदला. जागेचा अंदाज एका आठवड्याच्या जीझिप फाइलच्या आकारावरून काढा, त्याला २६ ने गुणा आणि वर दुप्पट धरा, कारण एखादं मशीन बिघडून बडबड करायला लागलं की एका रात्रीत महिनाभराची जागा खातं.

तर आता असं करा. आज लॉग सर्व्हरला पक्का आयपी आणि लॉगरोटेटची फाइल, एवढं उरका. पुढच्या वेळी लॉग बंद दिसले की रेस्टार्टला हात न लावता सर्व्हरवर एलएसओएफ प्लस एल १, लॉगरोटेटची स्टेटस फाइल आणि टाइमडेटसीटीएल (घड्याळाची अवस्था दाखवतं), आणि बंद दिसणाऱ्या मशीनवर जर्नलसीटीएल मायनस यू आरसिसलॉग, या चारांचं आउटपुट एका फाइलमधे साठवा. मशीनची खरी नावं आणि आयपी बदलून ते इथं टाका, कुठल्या मशीनवर रेस्टार्ट करत होता तेही लिहा, मी बघतो. साठवून झालं की मग खुशाल रेस्टार्ट करा.